किट कारचं कापडी हूड नवीन करायचंय: कोकणात कोण करतं, कापड कुठलं घ्यावं?

पावसचा_पाना
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आता कामच पडलं म्हणून धागा काढला. माझ्याकडे एक दोन सीटांची उघडी गाडी आहे, लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या घाटणीची. कोल्हापूरच्या एका हौशी गृहस्थांनी पद्मिनीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल घेऊन, पाइपची चासी आणि वर फायबरची बॉडी अशी स्वतःच्या शेडमध्ये बनवलेली, त्यांच्याकडून मी घेतली. इंजिन १०८९ सीसीचंच पण गाडीला वजनच नाही त्यामुळे पावस ते गणेशगुळे रस्त्याला जी काही मजा येते ती सांगून कळायची नाही.

तर प्रश्न हूडचा आहे. आत्ता आहे ते काळ्या रेक्झिनचं. आक्रसलंय इतकं की पुढच्या काचेच्या फ्रेमवरची कडेची टिचबटणं ओढून ओढून पण लागत नाहीत, मागची प्लास्टिकची काच पिवळी पडलीय, मागे एसटी आहे की टेम्पो एवढंच कळतं, आणि शिवणीतून पाणी थेट ड्रायव्हरच्या डाव्या मांडीवर. फोटो जोडलाय. बनवणाऱ्यांकडे साचा नाही, माप नाही. इथला कुशनवाला म्हणतो जुनं उसवतो, त्यावर नवीन रेक्झिन ठेवून कापतो आणि तसंच्या तसं शिवून देतो. द्यावं का? की बाहेरून तयार मागवता येईल? पाऊस पडायच्या आत शाकारणी उरकायची आहे, घराची झाली, गाडीची राहिलीय.

तात्या_गुहागर
छत्री घ्या. दोन सीटं आहेत, दोन छत्र्या.

जीपवेडा_चिपळूण
तात्यांकडे लक्ष देऊ नका. भाऊ, आमच्या महिंद्राच्या एमएम ५४० जीपला मी आजवर हूडं बदलत आलोय, सरळ जाड रेक्झिन किंवा ट्रकची पीव्हीसी ताडपत्री घ्यायची, कुशनवाल्याकडे गाडी सोडायची, संध्याकाळी घेऊन यायची. तीनचार पावसाळे काढले की फेकायचं आणि नवीन शिवायचं. त्यात एवढा विचार कसला? इम्पोर्टेड कापडाच्या भानगडीत पडू नका, तेवढ्या पैशात माझी तीन हूडं होतात.

कोव्हेंट्रीकर
मूळचा लांज्याचा, आता इंग्लंडात. इथे किट कारवाल्यांच्यात ऊठबस आहे म्हणून लिहितो.

तयार मागवायचा विचार सोडून द्या. इथे कॅटरहॅमची (सेव्हन आता तेच बनवतात) हूडं तयार मिळतात पण ती त्यांच्याच काचेच्या फ्रेमला आणि त्यांच्याच कमानींना बसतात. तुमची गाडी एका शेडमध्ये हाताने बनलीय, तिला दुसऱ्या कुठल्याही गाडीचं हूड बसणं हा निव्वळ योगायोग ठरेल. इथेसुद्धा घरी बनवलेल्या गाड्यांची हूडं शेवटी माप घेऊनच शिवून घेतात.

आणि सेव्हनच्या हूडकडून अपेक्षा किती ठेवायची हेही आधी ठरवा. लोटसच्या कॉलिन चॅपमनने ही गाडी १९५७ ला आणली ती हलकी आणि स्वस्त म्हणून, लोक सुटे भाग घेऊन घरी जोडायचे कारण पूर्ण गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही. १९७३ मध्ये व्हॅट आला, ती सूट गेली आणि त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क कॅटरहॅमला दिले. या सगळ्यात छपराचा विचार सगळ्यात शेवटी झालेला दिसतो: दोन सुट्या कमानी, त्यावर कापड, पुढे काचेच्या फ्रेमला बटणं, मागे बॉडीला बटणं. घडी होणारी यंत्रणा वगैरे काही नाही. ते इथल्या रिमझिमीला पुरतं. आपल्या जुलैला पुरवायचं असेल तर सुधारणा करावी लागेल.

दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, कमानी. दोन कमानींच्या मध्ये कापड सपाट राहिलं तर तिथे डबकं होतं, कापड ताणतं, डबकं मोठं होतं, आणि मग कुठलंही कापड गळतं. मागची कमान पुढच्यापेक्षा किंचित खाली आणि मधला भाग कडांपेक्षा वर, म्हणजे पाणी बाजूला आणि मागे पळेल. कापडाला हात लावायच्या आधी हे करा.

दुसरं बटण. साधं टिचबटण वाऱ्याने कुठूनही उचकटतं. लिफ्ट-द-डॉट नावाचं बटण मिळतं, ते तीन बाजूंनी धरून ठेवतं आणि ज्या बाजूला छोटा ठिपका असतो तिकडूनच उचललं तर सुटतं. ठिपका वाऱ्याच्या ओढीकडे येणार नाही असं लावायचं, पुढच्या काचेवर तर नक्कीच. बोटींच्या सामानात हेच वापरतात, म्हणून मुंबईत बोटींचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा.

पावसचा_पाना
बापरे कोव्हेंट्रीकर, हे सोनं आहे. मागची कमान माझी पुढच्यापेक्षा *वर* आहे, आत्ताच जाऊन पट्टी लावून बघितलं. म्हणजे डबकं तिथेच होतं आणि तिथलीच शिवण माझ्या मांडीवर येते.

जीपवेडा_चिपळूण
जीपची कमान वर असते आणि आमच्याकडे डबकं होत नाही.

कोव्हेंट्रीकर
जीपच्या कमानी वेगळ्या असतात हो, आणि तुमचं छप्पर हातभर रुंद जास्त असलं तरी बाजूला उतार आहे.

शिवणघर_कुडाळ
मी मुळात पडदे आणि सोफ्याचे कव्हर शिवते, दोन बायका कामाला आहेत, कुशनचं जाड मशीन आहे. गाडीचं हूड केलेलं नाही पण बोटींची छतं बरीच केलीत, त्यामुळे शिवणीबद्दल बोलायचा हक्क आहे असं समजते.

दादा, जुनं उसवून त्यावर ठेवून कापणं हे मुळीच करू नका. जुनं रेक्झिन आक्रसलंय असं तुम्हीच लिहिलंत ना, मग आक्रसलेल्या मापाचं नवीन शिवून घेणार का? पहिल्या दिवशी ओढूनताणून बसेल आणि पुढच्या उन्हाळ्यात परत बटणं लागायची नाहीत. जुनं उसवायचं ते फक्त बघायला, किती तुकडे आहेत, चिमटे कुठे घेतलेत, आधी कुठली शिवण मारली, मग कुठली. माप गाडीवरून घ्यायचं.

साचा असा करा. निवडणुकीचे नाहीतर कुणाच्यातरी वाढदिवसाचे जुने फ्लेक्स आणा, ते तुमच्याकडे पण ढिगाने असतील. फ्लेक्सच्या आत जाळी असते म्हणून ते ताणत नाही आणि मागच्या पांढऱ्या बाजूवर मार्करने लिहिता येतं. आधी कमानी बेल्टने पुढे-मागे बांधून घट्ट करा, नाहीतर साचा ताणताना कमानच सरकते आणि सगळं माप खोटं पडतं. मग फ्लेक्स पुढच्या फ्रेमला मध्यापासून चिकटपट्टीने चिकटवायचा, मागे ओढत न्यायचा, मध्यापासून कडेला. जिथे फ्लेक्सला सुरकुती पडते, कितीही ओढलं तरी जात नाही, तिथे चिमटा किंवा जोड यायला पाहिजे, फ्लेक्स स्वतःच सांगतो. कमानींची रेषा, बटणांच्या जागा, काचेची चौकट सगळं आखा, आणि दोन तुकडे जिथे जोडायचे तिथे दर हातभर आडव्या खुणा मारा, शिवताना खुणेला खूण लागली पाहिजे. आणि अर्धा साचा करून उलटा ठेवून दुसरी बाजू कापू नका!! हाताने बनवलेली गाडी आहे, डावी-उजवी सारखी असेलच असं नाही. आधी काचेच्या फ्रेमच्या कोपऱ्यापासून मागच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरके टेपने मोजा.

दोऱ्यात कंजुषी नको. कापड टिकतं, दोरा आधी कुजतो. सुती दोरा आपल्या दमट हवेत जातो, नायलॉन उन्हाने जातो. बॉन्डेड पॉलिस्टर घ्या, बोटीवाले ९२ नंबरचा वापरतात, त्याला १८ नंबरची सुई आणि टाका ४ मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाका मजबूत असतो हा गैरसमज आहे, रेक्झिनवर बारीक टाका म्हणजे फाडायला आखून दिलेली रेषा. टाचण्या लावायच्या नाहीत, प्रत्येक भोक म्हणजे गळती, वाळत घालायचे चिमटे नाहीतर दोन्हीकडून चिकटणारी पट्टी वापरायची. जोड दुमडून डबल टीप मारायची. आणि दुमड कुठल्या बाजूला? कौलं घालताना जसं वरचं कौल खालच्यावर येतं तसं पुढचा तुकडा मागच्याच्या वर आला पाहिजे, म्हणजे पाणी शिवणीत न शिरता वरून जातं. तुमच्या फोटोत ते उलटं दिसतंय.

तात्या_गुहागर
ताई, वाढदिवसाचा फ्लेक्स छापील बाजू वर ठेवून तसाच शिवला तर? टोलनाक्यावर सोडतील.

शिवणघर_कुडाळ
तात्या 😂 एका पावसात नेत्याचा रंग उडेल.

मालवणी_शीड
पावसकरानू, माका एक कळना नाय, तुमी रेक्झिनाच्या मागे कित्याक लागलास? आमच्या बोटींक आदी रेक्झिनच घालीत. वरसून पाणी लागूचा नाय पण खालसून बघशात तर काळे ठिपके, बुरशी, वास. रेक्झिनाच्या पाठीक सुती कापड आसता, ता दमट हवा धरून ठेवता. आता तारकर्लेक डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींची छतां बघा, बऱ्याच जणांनी बदलल्यानी. आमचो एक पोरगो आसा, छतां शिवता, मे सरता सरता पर्यटनाच्यो बोटी बंद झाल्यो काय त्याका येळ गावता. बाजूक स्टीलच्या पायपाचा काम करणारो पण आसा, रेलिंगा वाकवता, तुमची कमान तो करून देतलो.

जीपवेडा_चिपळूण
बुरशीचं खरं आहे, ते मान्य. माझ्या जीपमध्ये जुलैत बसलं की बायको नाक धरते.

अलिबागचा_पांढरा_कांदा
मांडव्याला बोटींचं थोडंफार बघतो. बोटींना आता ॲक्रिलिक कॅनव्हास वापरतात, सनब्रेला वगैरे. फरक असा की यात रंग धाग्याच्या आतच असतो, धागा बनतानाच मिसळलेला, वरून रंगवलेला नसतो, त्यामुळे आपल्या उन्हात वर्षानुवर्षं फिकट होत नाही. कापड श्वास घेतं, आत घाम धरत नाही. रेक्झिनसारखं आक्रसतही नाही कारण त्यात उडून जाणारं तेलच नाही. तोटा, रेक्झिनइतकं शंभर टक्के पाणबंद नसतं, त्यावर पाणी झटकणारं लेपन असतं, ते काही वर्षांनी परत मारावं लागतं. म्हणून कोव्हेंट्रीकर म्हणतात तो उतार इथे आणखी महत्त्वाचा, वाहतं पाणी ॲक्रिलिक सहज झेलतं, साचलेलं पाणी नाही.

किमतीला घाबरू नका. पन्हा साठ इंची येतो, तुमच्या गाडीला चारसाडेचार मीटर खूप झालं. बोटीची छतं करणाऱ्यांकडे गुंडाळीची टोकं उरतात, रंगाचा हट्ट नसेल तर ती मागा.

पावसचा_पाना
रंगाचा हट्ट नाही पण भगवा-निळा पट्ट्यापट्ट्यांचा नको, गावात आधीच लोक वळून बघतात.

काचेचं काय करू? मागची आणि बाजूच्या झडपांची.

कोव्हेंट्रीकर
पारदर्शक पीव्हीसीच, पण टेबलावर घालतात ते नाही, त्यातून सगळं लाटालाटांचं दिसतं. बोटींसाठीचं पॉलिश केलेलं येतं, पाऊण ते एक मिलिमीटर जाडी घ्या. ते गरम पाइपला चिकटलं की तिथे करपल्यासारखा तपकिरी पट्टा उठतो, म्हणून कमानीवर कापडाची पट्टी गुंडाळा आणि काच कमानीवर येऊच देऊ नका. पुसायला रॉकेल, थिनर, स्पिरिट काही नाही. भरपूर पाण्याने आधी वाळू-मीठ धुवायचं, मग मऊ फडकं. कोरडं पुसलं तर एका उन्हाळ्यात धुरकट.

शिवणघर_कुडाळ
काच बसवताना आधी अख्खं कापड शिवून घ्या, मग काच वरून ठेवून चारही बाजूंनी शिवा आणि मग आतलं कापड कापून काढा. आधी भोक पाडून त्यात काच बसवायला गेलात तर कापड ओढलं जातं आणि काच तिरकी बसते.

रत्नांग्रीचा_ॲड
हूड बदलल्यावर आरटीओला काही कळवावं लागतं का? सहज विचारतोय.

पावसचा_पाना
होतं तेच कापडी छप्पर परत कापडी होतंय, आरसीवरचं काहीच बदलत नाही. इंजिन चासी बदलली असती तर गोष्ट वेगळी.

जीपवेडा_चिपळूण
एक मात्र मी सांगतो, इथे माझा अनुभव उपयोगी पडेल. बटणं बॉडीला लावताना सावकाश. आमची जीप पत्र्याची, तिथे चालून जातं. फायबरला मित्राच्या गाडीवर सरळ ड्रिल मारलं आणि भोकाभोवती चांदणीसारख्या चिरा गेल्या, वरचा रंगाचा थर तडकला.

अलिबागचा_पांढरा_कांदा
बरोबर, तो वरचा थर म्हणजे जेलकोट, तो ठिसूळ असतो. रंगाची चिकटपट्टी लावा, त्यावर खूण करा, ड्रिल आधी उलटं फिरवून वरचा थर खरवडून घ्या, मग सुलट. भोकाचं तोंड थोडं रुंद करून घ्यायचं म्हणजे स्क्रू जेलकोटला न लागता खालच्या फायबरला धरतो. जिथे आत हात जातो तिथे स्क्रू नको, नट-बोल्ट आणि आतून मोठा वॉशर.

आणि स्टील ३१६ नंबरचं. ३०४ पण स्टेनलेसच, पण खाऱ्या हवेत त्यावर चहाच्या रंगाचे डाग येतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते जास्त तग धरतं. ॲल्युमिनियमच्या रिबिटावर स्टीलचं बटण तर अजिबात नको, दोन धातू आणि मध्ये खारं पाणी, रिबिट पांढरी पावडर होऊन गळून पडतं. पावसला समुद्र कितीसा लांब आहे?

पावसचा_पाना
कमानी मी करून घेतो, पण आता वेळेचा घोळ. मालवणी_शीड म्हणतात त्या मुलाला वेळ मे सरल्यावर, आणि तेव्हा तर पाऊस. मग बसवायचं कधी?

शिवणघर_कुडाळ
त्यात घोळ नाही. साचा आत्ता मे महिन्यात घ्या, कडक उन्हात, म्हणजे सगळं ताणून बसलेलं माप मिळेल. शिवण जूनमध्ये घरात बसून होते, त्याला ऊन कशाला पाहिजे. बसवायचं मात्र उघडीप मिळेल त्या दिवशी. पुढची काचेवरची बटणं पहिली, मग मागे मधलं एक, मग बाजूला एक डावं एक उजवं असं जायचं. कोपऱ्यातली शेवटची बटणं लगेच ठोकू नका, तिथे फक्त खडूने खूण करा, हूड आठवडाभर ताणलेलं राहू दे, मग खूण परत बघा, बहुतेक सरकलेली असते. ठोकलेलं बटण हलवता येत नाही, भोक राहतं.

तोपर्यंत जुलैत गाडी शेडमध्येच ठेवा. आणि शिवणींवर आतून बाहेरून मेण घासून घ्या, साधं मधमाश्यांचं, हेअर ड्रायरने थोडं गरम केलं की सुईच्या भोकात उतरतं.

जीपवेडा_चिपळूण
बरं ताई, माझ्या जीपचं पण ॲक्रिलिकमध्ये किती होईल? विचारून ठेवतोय फक्त.

तात्या_गुहागर
आला जाळ्यात.

पावसचा_पाना
ठरलं. रविवारी मित्राला घेऊन फ्लेक्सचा साचा. तिरकी मापं काढली, डावी-उजवीत जवळजवळ बोटभर फरक आहे, ताई तुमचं बरोबर निघालं. कापड अलिबागकडून, गडद हिरवं मिळतंय. मालवणी_शीड, त्या पोराचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, आणि साचा घेऊन कधी येऊ ते पण सांगा.

मालवणी_शीड
नंबर धाडतंय. जूनच्या पयल्या आठवड्यात नको, तेवा आगोटीची कामां आसतत, होडी वर काढूची आसता, झाकूची आसता. त्याच्यामागसून कदीय ये. पण जुलय संपायच्या आदी काम घेव, १ आगष्टाक मासेमारीची बंदी उठता, नारळी पुनव झाली काय तो पोरगो जाळी घेवन दर्यात, मगे गणपतीपरयंत तुका गावाचो नाय. आणि येताना जुना हूड पण हाड, फेकू नको, बटणां चांगली आसली तर काढून घेवया.